पीएलए पावसाळ्यात नापास होतंय? आधी लॅबचा रिपोर्ट नीट वाचा

‘पीएलएमध्ये (मक्यासारख्या पिकांपासून बनणारं प्लास्टिक) टाल्क (दगडाची मऊ पूड) आणि प्लास्टिसायझर (प्लास्टिक लवचिक करणारं द्रव्य) घालून सेन्सरची टर्मिनल पट्टी केली, मे महिन्यात मेगरवर (इन्सुलेशन मोजायचं मीटर) रीडिंग झकास, जुलैत निम्मा लॉट नापास’ हे तुमचं वाचलं आणि आमचाच पावसाळा डोळ्यापुढे आला.

पीएलएला शिव्या घालू नका. कोरडं, निव्वळ पीएलए उत्तम इन्सुलेटर आहे. घोळ होतो तो आत काय घातलंय त्यामुळे. पीएलएचं ग्लास ट्रान्झिशन, म्हणजे कडक प्लास्टिक मऊ पडायला लागतं ते तापमान, ५५ ते ६० अंशांच्या आसपास. प्लास्टिसायझर ते खाली ओढतो, प्लास्टिकच्या रेणूंच्या साखळ्या सैल होतात, आतले आयन (विद्युतभारित कण) मोकळे फिरतात आणि रेझिस्टिव्हिटी (विजेला अडवायची ताकद) घसरते. त्यातही प्लास्टिसायझर पीईजी (पॉलिइथिलीन ग्लायकॉल) असेल तर तो पाणी ओढतो. माझं मत विचाराल तर सायट्रेटवाला (सायट्रिक आम्लापासून बनलेला) प्लास्टिसायझर घ्या, तोही कमीत कमी. टाल्क बिचारा बराच निरुपद्रवी. स्टार्च, लाकडाचा भुसा, साधी माँटमोरिलोनाइट क्ले (एक प्रकारची चिकणमाती) यांना मात्र इन्सुलेशनच्या पार्टमध्ये मी हात लावत नाही. पहिले दोघे ओल धरतात, क्लेमध्ये सोडियम असतो.

आता खरी जखम. आमचं सगळ्यात जास्त नुकसान केलं ते एका टेस्टिंग लॅबने. नाव घेत नाही. रिपोर्टात एक ओळ: व्हॉल्यूम रेझिस्टिव्हिटी, भलामोठा आकडा, खाली शिक्का. तुकडे किती आर्द्रतेत, किती तास ठेवले? व्होल्टेज किती? रीडिंग कितव्या सेकंदाला घेतलं? काही नाही. त्या आकड्यावर ऑर्डर घेतली, साचा कापला. गिऱ्हाइकाने ओलीत ठेवून मोजलं तर कित्येक पट कमी. लॅबकडे कच्चं रीडिंग मागितलं तर उत्तर, ‘रिपोर्ट इश्यू झालाय, नवीन सॅम्पल द्या, नवीन फी भरा.’ या टेबलावरून त्या टेबलावर. तिथल्याच एकाने हळूच सांगितलं की तुकडे पिशवीतून काढून थेट एसी खोलीत लावतात. बोला आता!

म्हणून फी भरण्याआधी लेखी घ्या: कंडिशनिंग (मोजण्याआधी तुकडे ठरलेल्या हवेत ठेवणं) २३ अंश आणि ५० टक्के आर्द्रतेला, वर एक संच जास्त आर्द्रतेत, ५०० व्होल्ट, रीडिंग ६० सेकंदांनी, जाडी आणि गार्ड इलेक्ट्रोड (पृष्ठभागावरची गळती मोजणीत येऊ न देणारी कडी) वापरला का तेही. आयईसी ६२६३१ किंवा एएसटीएम डी२५७, यांपैकी चाचणीचं जे स्टँडर्ड असेल ते रिपोर्टात छापलेलं हवं. नुसतं ‘स्टँडर्डप्रमाणे’ चालणार नाही.

आजच्या आज करायचं म्हणजे नापास तुकडा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, वाळू द्या, पुन्हा मेगर लावा. रीडिंग लगेच सावरलं तर गळती पृष्ठभागावरची आहे. नाही सावरलं तर ओल किंवा अॅडिटिव्ह आत आहे. दाणे मोल्डिंगआधी ओल ०.०२५ टक्क्यांच्या खाली येईपर्यंत वाळवता ना? ओल्या दाण्यांतल्या साखळ्या मशीनच्या तापलेल्या बॅरलमध्येच तुटतात, पार्ट ठिसूळ होतो.

मी मोल्डिंगवाला, पॉलिमरचा डॉक्टर नाही, तेव्हा हे प्रमाण मानू नका. आणि २३० व्होल्टच्या लाइव्ह भागाला पीएलए लावणार असाल तर ज्वलन आणि ट्रॅकिंगच्या (पृष्ठभागावर विजेची जळकी वाट पडणं) चाचण्या झाल्याशिवाय नकोच. उन्हातल्या डब्यातही नको, मऊ पडतं.

काळा रंग घालत असाल तर मास्टरबॅचमध्ये (रंगाचे दाट दाणे) कार्बन ब्लॅक (वीज वाहून नेणारी काजळी) किती टक्के ते सप्लायरला विचारा. प्लास्टिसायझरचा ग्रेडही इथे टाका, मग पुढचं सांगतो.