खोक्यावरचं नाव सोडा, आतली चिप विचारा

ऑफिसात विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाकायची तर कोणतं सामान घ्यावं, यावर पुन्हा पत्रांचा ढीग आलाय. त्यातले पाच प्रश्न घेतो. बाकीच्यांची उत्तरं यातच सापडतील.

प्रश्न : आमच्या पतसंस्थेत सहाव्या पिढीच्या आय-५ चे अकरा संगणक आहेत. विंडोज ११ चढत नाही. दुकानदार म्हणतो, भंगारात द्या.

देऊ नका. टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि इंटेल प्रोसेसरची किमान आठवी पिढी ही विंडोज ११ ची अट आहे, लिनक्सची नाही. हार्डडिस्क काढून एसएसडी बसवा, रॅम ८ जीबी करा. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा ‘मार्चएंड होऊ दे, मग बघू’ हे बस झालं. मात्र तुमचं बँकिंग सॉफ्टवेअर लिनक्सवर चालेल का, हे आधी त्या कंपनीकडून लेखी घ्या.

प्रश्न : टायपिंग आणि हिशेबासाठी वेगळं ग्राफिक्स कार्ड लागेल का?

नाही.

प्रश्न : मेव्हण्याकडे एक वायफाय डोंगल (यूएसबीत खोचायचं वायफाय) लिनक्सवर मस्त चालतं. त्याच मॉडेलची सहा नग मागवू का?

थांबा! याच एका गोष्टीपायी मी लोकांशी भांडत आलोय. मॉडेलचं नाव म्हणजे आतली चिप नव्हे. उदाहरणार्थ टीपी-लिंकचं टीएल-डब्ल्यूएन ७२२ एन हे डोंगल बघा. पहिल्या आवृत्तीत अथेरॉसची चिप होती. तिचा ड्रायव्हर, म्हणजे चिप चालवणारा प्रोग्रॅम, कर्नलमध्येच (लिनक्सच्या गाभ्यातच) असल्याने बहुतेक ठिकाणी खोचलं की चालू. दुसऱ्या आवृत्तीपासून आत रिअलटेकची चिप आली आणि तिच्यापायी लोकांनी वर्षानुवर्षं बाहेरचे ड्रायव्हर शोधले. नाव तेच. फरक कुठे, तर स्टिकरवर मुंगीएवढ्या अक्षरांत ‘व्हर्जन २’. नेटवरचं जुनं कौतुक पहिल्या आवृत्तीचं, दुकानात मिळणार भलतीच. मेव्हण्याचं डोंगल कोणत्या आवृत्तीचं, विचारलंत?

बाहेरचा ड्रायव्हर एकदा बसला म्हणजे सुटलो, असंही नाही. कर्नल अपडेट झाला की तो नव्याने बांधावा लागतो. तो बांधला गेला नाही, तर सोमवारी सकाळी ऑफिसात नेट नाही, आणि दुरुस्तीची फाइल उतरवायलाही नेटच हवं. म्हणून सहा नव्हे, एकच नग घ्या, तोही परतीच्या बोलीवर. लिनक्सचा लाइव्ह पेनड्राइव्ह (इन्स्टॉल न करता थेट त्यावरूनच लिनक्स चालतं) खिशात घालून दुकानात जा, तिथल्याच मशिनवर चालवून बघा. दुकानदार आढेवेढे घेत असेल तर पुढचं दुकान गाठा. आणि टेबलं जागची हलत नसतील तर डोंगल हवंच कशाला? लॅनची केबल ओढा. लॅपटॉप घेताना इंटेलचं वायफाय असलेला बघा.

प्रश्न : प्रिंटर कोणता घ्यावा?

एअरप्रिंट किंवा आयपीपी एव्हरीव्हेअर (ड्रायव्हरशिवाय छापण्याच्या पद्धती) असलेला, शक्यतो नेटवर्कचा. अशांना वेगळा ड्रायव्हर सहसा लागत नाही. स्वस्तातले बरेच जुने लेझर प्रिंटर पान तयार करायचं काम संगणकावर ढकलतात, त्यामुळे कंपनीने लिनक्सचा ड्रायव्हर दिला नसेल तर पंचाईत होते. पैसे मोजण्याआधी मॉडेल नंबर जाणकाराला दाखवा.

प्रश्न : मी सीए आहे. डीएससी टोकन (डिजिटल सहीचा पेनड्राइव्हसारखा नग) आणि टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर लिनक्सवर हलवू का?

सगळं एकदम नको. टोकनचा लिनक्स ड्रायव्हर असला तरी पोर्टलची सही करणारी युटिलिटी अडून बसू शकते, आणि टॅली मुळात विंडोजची. एक मशिन विंडोजवर ठेवा, बाकीची हलवा. ऐन रिटर्न भरायच्या आठवड्यात प्रयोग करायचा नाही, आणि टोकन देणाऱ्याशी बोलल्याशिवाय तर नाहीच. इन्स्टॉल करताना एसएसडी दिसत नाही, असंही तुम्ही लिहिलंय. बहुधा बायोसमध्ये, म्हणजे मशिनच्या मूळ सेटिंगमध्ये, इंटेलचं आरएसटी किंवा व्हीएमडी (डिस्क हाताळायची इंटेलची खास पद्धत) चालू असेल. ते बंद केलं की आधीचं विंडोज उठेनासं होऊ शकतं, तेव्हा बॅकअप घ्या आणि मशिन माहीतगाराच्या हाती द्या.