वहीचं ते पान मुलाला परत द्या

प्रश्न : माझा मुलगा अकरावी सायन्सला आहे, विषय पीसीबी. दहावीला ८१ टक्के होते, अकरावीच्या सहामाहीत ५४ वर आला. संध्याकाळी गावातल्या क्रीडा मंडळात खो-खो खेळतो. त्यातही निम्मा वेळ दुसऱ्यांची लहान पोरं सांभाळण्यात जातो. मंडळ बंद कर म्हटलं की जेवत नाही. नाशिकच्या एका अकॅडमीने दोन वर्षांत राज्य पातळीचं सर्टिफिकेट मिळवून देतो म्हणून सांगितलंय. खेळ वेगळा आहे, त्यात फार मुलं नसतात. पाच टक्के आरक्षणातून नोकरीचं काम होईल. नीटचा क्लासही तिथेच लावू. आपल्या जिल्ह्यातून दत्तू भोकनळ, कविता राऊत पुढे आलेच ना? मुलाला कसं समजवावं? मार्कलिस्ट आणि पुरावा म्हणून त्याच्या वहीचं एक पान जोडलं आहे.
– एक पालक, वणी परिसर, ता. दिंडोरी

उत्तर : भाऊसाहेब, नमस्कार.

मार्कलिस्टवर मी फार वेळ घालवला नाही. दहावीला ऐंशीच्या पुढे असलेली पुष्कळ मुलं अकरावी सायन्सच्या पहिल्या परीक्षेत पन्नाशीत येतात. त्यातली कितीतरी कुठल्याच मैदानावर जात नाहीत. मी थांबले ती त्या पानावर. पान वहीतून ओढून फाडलेलं आहे, कडेला शिलाईचा दोरा तसाच लोंबतोय. तुम्ही ते वाया गेलेल्या वेळेचा पुरावा म्हणून पाठवलंत. मी ते तीनदा वाचलं.

त्यावर बारा मुलामुलींची नावं आहेत. एकीपुढे लिहिलंय, ‘एकेरी साखळी जमते, दुहेरीत गोंधळते.’ (साखळी म्हणजे बसलेल्या खेळाडूंमधून नागमोडी पळणं.) एकापुढे, ‘खांबावर सूर मारायला घाबरतो, आधी वाळूत.’ एकापुढे, ‘खो देताना हात आणि आवाज एकत्र नाही.’ एकीच्या पळतीची, म्हणजे बाद न होता टिकण्याची, वेळ ५५ सेकंदांवरून १ मिनिट १० सेकंदांवर गेली, तिच्यापुढे दोन रेघा मारल्यात. आणि शेवटून दुसऱ्या नावापुढे, ‘बूट नाहीत. विचारू नये.’

भाऊसाहेब, हे सोळा-सतरा वर्षांच्या मुलाने लिहिलंय, कुणी न सांगता. कोण कुठे अडतो, त्याला पुढची पायरी कोणती द्यायची, कुणाला चारचौघांत काय विचारायचं नाही, हे त्याला कळतं. तुम्ही बागायतदार असाल तर फवारणीची वही तुम्हालाही ठेवावी लागत असेल, कुठल्या प्लॉटला काय दिलं आणि कधी दिलं त्याची. तुमचा मुलगा तशीच वही माणसांची ठेवतोय. ती फाडून तुम्ही त्याचा अभ्यास वाढवलेला नाही. त्याला जे येतं ते घरात मोलाचं नाही, एवढंच त्याला कळलं असेल. तो जेवत नाही त्याचं कारण मला तरी खो-खो वाटत नाही.

आता त्या सर्टिफिकेटबद्दल, कारण हा गैरसमज मला तालुक्या-तालुक्यातून ऐकू येतो. खेळाडूंना शासकीय नोकरीत पाच टक्के आरक्षण आहे, हे खरं. पण ते कागदाला नाही, कामगिरीला आहे. स्पर्धा मान्यताप्राप्त संघटनेची लागते. कुठल्या पदासाठी कुठल्या पातळीवरचं यश धरायचं, हे शासनाने ठरवून दिलंय. नुसता सहभाग पुरत नाही. शिवाय विभागीय क्रीडा उपसंचालकांच्या कार्यालयातून प्रमाणपत्राची पडताळणी होते, तिथे स्पर्धेचं रेकॉर्ड तपासतात. एवढं सगळं झाल्यावरही त्या पदाची शैक्षणिक पात्रता आणि परीक्षा सुटत नाही. दहावी-बारावीला मिळणारे क्रीडा गुण ही वेगळी सवलत आहे, ती आणि हे आरक्षण लोक एकच समजतात. राज्यात बोगस क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणं उघड झाली आहेत, गुन्हे दाखल झाले आहेत. ‘मिळवून देतो’ हे शब्द जो वापरतो, त्याच्या दारात पुन्हा जाऊ नका. आगाऊ पैसे भरले असतील तर आजच परत मागा. उद्या पडताळणीत अडकेल तो तुमचा मुलगा, अकॅडमीवाला नाही.

दत्तू भोकनळचं नाव तुम्ही घेतलंत, तर त्याची गोष्टही नीट बघा. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा हा मुलगा वडिलांबरोबर विहिरी खोदायच्या कामावर जायचा. २०१२ मध्ये सैन्यात भरती झाला आणि नौकानयन त्याला तिथे भेटलं. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तो एकेरीत तेरावा आला, २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सांघिक सुवर्ण जिंकलं. म्हणजे नोकरी आधी आणि खेळ नंतर! सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक मिळवलं, ते वर्षानुवर्षं पळून. स्पर्धक कमी आहेत म्हणून यातल्या कुणी खेळ निवडला नव्हता.

मंडळ म्हणजे रिकामटेकड्यांचा अड्डा, हे काही ठिकाणी खरं असतं. वर्गणी, डीजे आणि पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स यापलीकडे ज्यांचं काम जात नाही अशी मंडळं मी पाहिली आहेत. तुमच्या गावचं मंडळ कसं आहे हे पत्रावरून कळत नाही, कारण तुम्ही तिथे कधी गेल्याचं पत्रात कुठेच नाही. एक दिवस संध्याकाळी सहाला जा, मैदानाच्या कडेला तासभर बसा. फक्की कोण मारतं, लहान मुलींना खेळायला जागा मिळते का, अंधार पडल्यावर त्यांना घरी कोण सोडतं ते बघा. मंडळ नोंदणीकृत आहे का, जिल्हा खो-खो संघटनेशी जोडलेलं आहे का, हेही तिथेच विचारा. शालेय स्पर्धेत मुलाला एकोणीस वर्षांखालच्या गटात बारावीचा हंगाम अजून मिळू शकतो. तालुका, जिल्हा, विभाग, जिथपर्यंत संघ जाईल तिथपर्यंत खेळू द्या. खो-खो गावातच राहतो असंही समजू नका. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला विश्वचषक झाला, भारताचे दोन्ही संघ जिंकले आणि दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे होते.

नीट, पोलीस भरती, एमपीएससी हे रस्ते तुम्हाला माहीत आहेत, त्यांवर मी जागा घालवत नाही. वणीहून रोज एसटीने नाशिक, क्लास आणि रात्री परत, एवढं मात्र लादू नका. त्यात मैदानही जाईल आणि झोपही.

या मुलाकडे पाहून मला दोन वाटा दिसतात. एक प्रशिक्षकाची. कुठल्याही शाखेची पदवी घेऊन दोन वर्षांचं बीपीएड, म्हणजे शारीरिक शिक्षणाची पदवी, करता येतं. त्याच्या सीईटीत लेखीबरोबर मैदानी चाचणीही असते. त्यापुढे पटियाळ्याच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची प्रशिक्षण पदविका, पण तिथे खेळाडू म्हणून केलेली कामगिरीही बघतात. अनुदानित शाळांतली भरती रखडलेली असते, खासगी शाळा पगार कमी देतात, हे लपवत नाही. दुसरी वाट फिजिओथेरपीची. पीसीबी आहेच, आपल्याकडे प्रवेश नीटच्या गुणांवर होतो. दिंडोरी रोडने नाशिकला जाताना म्हसरूळला आरोग्य विज्ञान विद्यापीठ लागतं, तिथे शिरून संलग्न महाविद्यालयांची चौकशी करून या. जाताना मुलाला बरोबर न्या आणि प्रश्न त्याला विचारू द्या.

तोवर रोज दोन तास मैदान, बाकी अभ्यास, असं त्याच्याशी बसून ठरवा. सगळ्यात कमी गुण फिजिक्सला आहेत, त्याला गावातच एखादे सर मिळतात का बघा.

वहीचं पान या उत्तरासोबत परत पाठवतेय. ‘मी फाडायला नको होतं’ एवढं म्हणून त्याच्या हातात द्या. तुमच्या पत्रात त्याचं स्वतःचं म्हणणं एका ओळीतही नाही. पुढचं पत्र त्याला लिहू द्या, आणि ते न वाचता पाकिटात घाला.