वारुळावर उगवलेला हा देठाचा पांढरा गोळा पफबॉल आहे का?

अंबाजोगाईजवळच्या माळावर वारुळाला लागून वीतभर उंचीचं, अंड्याला देठ फुटल्यासारखं पांढरं काहीतरी दिसलं, बोट लावताच काळी भुकटी उडाली, हा पफबॉल (आत भुकटी भरलेलं गोळ्यासारखं मशरूम) आहे का, असं तुम्ही विचारलंय. वर्णनावरून हे पोडॅक्सिस पिस्टिलॅरिस नावाचं मशरूम वाटतं. मराठवाड्यातल्या कोरड्या माळावर आणि वारुळाशी उगवणं, या दोन्ही खुणा त्याच्याशी जुळतात.

खात्री करायची तर एक उभं चिरून बघा. देठ टोपीच्या आतून थेट शेंड्यापर्यंत गेलेला दिसला, तर पोडॅक्सिस. खऱ्या पफबॉलमध्ये असा दांडा आत जात नाही. टुलोस्टोमा नावाच्या देठाच्या पफबॉलचाही देठ गोळ्याच्या तळाशीच थांबतो, आणि त्याच्या डोक्यावर भुकटी बाहेर पडायला बारीक तोंड असतं. पोडॅक्सिसची टोपी छत्रीसारखी उघडत नाही. ती वाळते, फाटते, मग वाऱ्यावर बीजाणू उडतात. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसनंही १७७१ मध्ये याला पफबॉलांमध्येच घातलं होतं, त्यामुळे तुमचा अंदाज अगदी साहजिक आहे. आता ते बटण मशरूमच्या कुळात धरतात.

आम्ही लहानपणी सगळ्यांनाच कुत्र्याची छत्री म्हणायचो. विळा लागला की आजी हीच काळी भुकटी जखमेवर दाबायची. आज मी ते कुणाला करू देणार नाही, मातीतली भुकटी उघड्या जखमेत नको. मुलांना ती तोंडावर उडवूही देऊ नका. १९९४ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये पफबॉलची भुकटी नाकातोंडात ओढून ८ मुलं फुप्फुसाच्या आजारानं आजारी पडली होती.

खाण्याचं म्हणाल, तर राजस्थानात हे कोवळं असताना भाजी म्हणून खातात. पण आत काळं पडलेलं तुमचं हे खायच्या पलीकडे गेलंय. आणि कोवळं सापडलं तरी माझ्या उत्तरावर विसंबून चुलीवर चढवू नका. अमानिटा नावाचं विषारी मशरूमही कोवळेपणी पांढऱ्या अंड्यासारखंच असतं, चिरल्यावर आत टोपी आणि तिच्याखालच्या पाकळ्यांची रेघ दिसते. स्क्लेरोडर्मा हे दुसरं मशरूम वरून बटाट्यासारखं, जाड सालीचं आणि आतून जांभळट काळं असतं, तेही विषारी.

पुढच्या पावसानंतर त्याच वारुळाकडे जाऊन बघा. कोवळं मिळालं तर उभं चिरून, शेजारी नाणं ठेवून फोटो टाका. वारूळ मात्र खणू नका.