डलॉनेगाला पहिल्यांदा जाताय?
अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातलं हे छोटं गाव अटलांटाहून उत्तरेला तासा-दीड तासावर आहे, पण ऑक्टोबरातला शनिवार-रविवार टाळा. पानांचे रंग बघायला सगळं जॉर्जिया तिथंच लोटतं.

चौकातलं १८३६ चं जुनं कोर्ट आता सोन्याचं संग्रहालय आहे. आधी तेच बघा, म्हणजे १८२९ च्या सुमाराची सोन्याची झुंबड आणि त्यापायी तिथल्या मूळ रहिवासी चेरोकी लोकांचं उठलेलं बिऱ्हाड कळेल. सोन्याचे कण चाळायला मुलांना मजा येते. आपल्याला, खरं सांगायचं तर, पाठदुखी.

जवळचाच अमिकलोला धबधबा ७२९ फुटांचा. ६०४ पायऱ्या आहेत. जोडीदाराला तुम्हाला गाडीनं वर सोडून गाडी खाली आणायला सांगा आणि तुम्ही फक्त उतरा. चढलेच, तर पाणी जवळ ठेवा.