हिटलरच्या जोडीने लढूनही फिनलंड वाचला कसा?

प्रश्न : सर नमस्कार, दुसऱ्या महायुद्धात फिनलंड जर्मनीच्या जोडीने रशियाशी लढला, म्हणजे हरलेल्या पार्टीत होता, तरी हंगेरी-रुमानियासारखा स्टॅलिनने त्याला खिशात का नाही टाकला? नुसतं नशीब का?

उत्तर : नशीब थोडंफार होतंच, स्टॅलिनला बर्लिनची घाई होती आणि फिनलंडच्या जंगलात फौजा अडकवून ठेवणं परवडणारं नव्हतं. पण माणसंही खमकी होती हो. आणि बाजू काय त्यांनी हौसेने निवडली नव्हती. ऑगस्ट १९३९ ला हिटलर-स्टॅलिनची अचानक गट्टी जमली, गुपचूप वाटणीत फिनलंड रशियाच्या वाट्याला गेला, नोव्हेंबरात रशियाने हल्ला केला तेव्हा जर्मनी गप्प. दोन वर्षं होत नाहीत तोच त्याच दोघांची जुंपली, मग रशियाच्या त्या हल्ल्यात गेलेला मुलूख परत घ्यायला फिनलंडवाले जर्मनीबरोबर निघाले. त्यापायी १९४१ ला ब्रिटननेही यांच्यावर युद्ध पुकारलं, तेही ६ डिसेंबरला, म्हणजे यांच्या स्वातंत्र्यदिनी!

खरी मजा १९४४ ची. जूनमध्ये रशियन फौजा मुसंडी मारून आल्या, शस्त्रं देणारा फक्त जर्मनी, आणि जर्मनीचा परराष्ट्रमंत्री रिबेनट्रॉप राजधानी हेलसिंकीत येऊन अडून बसला की आम्हाला सोडून परस्पर तह करणार नाही असं लिहून द्या. राष्ट्राध्यक्ष रिस्तो र्युतींनी दिलं लिहून, पण संसदेपुढे ठेवलंच नाही, नुसतं स्वतःच्या नावाचं पत्र, की मी किंवा मी नेमलेलं सरकार असा तह करणार नाही. शस्त्रं आली, आघाडी कशीबशी टिकली, आणि ऑगस्ट उजाडताच साहेबांचा राजीनामा! नवे राष्ट्राध्यक्ष मानरहाइम जर्मनांना म्हणाले ते वचन र्युतींचं, मला लागू नाही, आणि सप्टेंबरात रशियाशी युद्धबंदी. वकिली कावा म्हणा हवं तर, मला तर जाम आवडतो.

फुकटात काही सुटलं नाही. पूर्वेचा कारेलिया गेला, ३० कोटी डॉलरची भरपाई लादली गेली, पुढे ती थोडी कमी झाली आणि मालाच्या रूपात १९५२ पर्यंत फेडली, उत्तरेच्या लॅपलँडमधून जर्मनांना हुसकताना त्यांनी तिथलं रोव्हानिएमी शहर जाळलं. र्युतींना तर युद्धाला जबाबदार धरून १० वर्षांची शिक्षा ठोठावली, पुढे १९४९ ला माफी मिळाली म्हणा. पण लोकशाही टिकली आणि रशियन रणगाडे हेलसिंकीत शिरले नाहीत.

१९४८ चा रशियाशी केलेला करार आणि मग २०२३ ला थेट नाटोत उडी, हा वेगळाच विषय आहे, त्यावर प्रश्न आला तर सविस्तर लिहीन.