कोल्ड कॉफी रूमवर, कॅपुचिनो दुकानात: महिन्याचे ५०० रुपये कसे पुरवायचे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लातूरला क्लाससाठी रूम केलीय, जवळ इंडक्शन आणि मिक्सर आहे, मालकांच्या फ्रिजमध्ये एक कप्पा मिळालाय. कॉफीसाठी महिन्याला ५०० रुपये निघतात, पण औसा रोडवर १८० ची कोल्ड कॉफी दोनदा घेतली की तिसरीला पैसे पुरत नाहीत. पुरणार कसे, आणि कोल्ड कॉफी बाटलीत भरून क्लासला नेता येईल का? मेनूवर १८० असलं तरी ५ टक्के जीएसटी धरून बिल १८९ चं होतं.

दुकानात पैसे कशाचे द्यायचे, ते आधी ठरवा. एस्प्रेसोचं यंत्र साधारण ९ बार दाबाने गरम पाणी बारीक दळलेल्या कॉफीतून पाव-अर्ध्या मिनिटात ढकलतं आणि वाफेच्या नळीने दूध मखमलीसारखं फुलवतं. हे दोन्ही रूमवर होत नाही. म्हणून बाहेर गेलात की कॅपुचिनो, लाटे (दोन्ही म्हणजे एस्प्रेसोत असं फुलवलेलं दूध) किंवा नुसती एस्प्रेसो घ्या, तीही लहान कपात. मोठ्या कपात बहुतेक वेळा दूधच वाढतं. कोल्ड कॉफी, फ्रॅपे, चॉकलेट घातलेली गार मोका ही सगळी मिक्सर, साखर आणि बर्फाची करामत. त्यासाठी १८९ रुपये मोजणं म्हणजे घरचं ताक हॉटेलात जाऊन पिणं.

दुकान निवडताना काउंटरमागे नजर टाका. बिया दळायचं ग्राइंडर आणि वाफेची नळी दिसली तर थांबा. डब्यातली तयार पावडर यंत्रात टाकून बटण दाबत असतील, तर तिथे फक्त एसी आणि खुर्चीचे पैसे जातात. मेच्या उन्हात तेही वाईट नाही म्हणा, पण मग सगळ्यात स्वस्त पेय घ्या. पाणी मागताना ‘साधं’ म्हणा, नाहीतर सीलबंद बाटली बिलात येते. सर्व्हिस चार्ज लावला असेल तर काढायला सांगा. तो ऐच्छिक आहे, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्येच तसं स्पष्ट केलंय. अ‍ॅपवरून कॉफी मागवणं तर सोडूनच द्या: पॅकिंगचे, डिलिव्हरीचे पैसे वेगळे, आणि ४० अंशांत ग्लास दारात येईपर्यंत बर्फाचं पाणी झालेलं असतं.

आता रूमवरची कोल्ड कॉफी. एका ग्लासला लागतं २०० मिली दूध, सपाट दीड चमचा म्हणजे साधारण अडीच ग्रॅम इन्स्टंट कॉफी आणि ३ चमचे साखर. दूध ७० रुपये लिटर धरलं तर १४ रुपये, ५० ग्रॅमची बाटली २०० ला धरली तर कॉफीचे १०, साखरेचा रुपयाही होत नाही. २५ रुपयांत ग्लास. महिन्याला बाहेरची एक कॅपुचिनो १८९ चीच धरली, तरी उरलेल्या ३११ मध्ये असे १२ ग्लास बसतात.

बाटली घेताना मागचं लेबल वाचा. काही इन्स्टंट कॉफीत ३० टक्क्यांपर्यंत चिकोरी, म्हणजे एका झाडाचं भाजून दळलेलं मूळ, असते. ती वाईट नाही, गरम दुधात दाटपणा आणि खमंग कडवटपणा देते. पण गार पेयात कॉफीचा वास कमी आणि जळकट चव जास्त लागते. कोल्ड कॉफीला शंभर टक्के कॉफीवालीच घ्या. दोन रुपयांच्या पुड्या सुटसुटीत खऱ्या, पण पुडीवरचं वजन बघून ग्रॅमचा भाव काढा, मगच ठरवा.

रूमवरची कॉफी पाणचट होते ती बर्फामुळे. उपाय सोपा: बर्फ पाण्याचा करूच नका. २०० मिलीतलं ५० मिली दूध आदल्या रात्री बर्फाच्या ट्रेमध्ये लावा. सुटं म्हशीचं दूध असेल तर उकळून, पूर्ण गार करून, साय काढूनच. साय राहिली तर दोन घोळ होतात: घोटात तिच्या चिंध्या येतात, आणि गार दूध मिक्सरमध्ये जास्त फिरलं की लोण्याचे कण वर तरंगतात. बऱ्याच जणांना वाटतं दूध फाटलं. फाटलेलं नसतं, तुम्ही ताक घुसळलेलं असतं!

कॉफी आणि साखर आधी ३० मिली गरम पाण्यात पूर्ण विरघळवा आणि ते गार होऊ द्या. ही पायरी गाळली की साखर तळाशी बसते, मग लोक आणखी साखर घालतात. मिक्सरच्या भांड्यात आधी दुधाचे खडे आणि थोडं दूध घालून दोन-तीन झटके द्या. मग उरलेलं गार दूध आणि कॉफीचं पाणी घालून २० सेकंद फिरवा, त्याहून जास्त नाही. भांडं निम्म्याच्या वर भरू नका, फेस झाकणातून बाहेर येतो. दाटपणा आणखी हवा असेल तर एक मोठा चमचा दुधाची पावडर घाला. कॉर्नफ्लोअर कच्चं घालायचा सल्ला काही जण देतात, तो ऐकू नका. जिभेवर पिठूळ लागतं.

मोकासाठी कोको गार दुधात टाकला तर गोळ्या तरंगत राहतात. एक चमचा कोको कॉफीबरोबरच गरम पाण्यात कालवा. कॅरॅमल सिरपही घरी होतं: जाड बुडाच्या भांड्यात १०० ग्रॅम साखर मंद आचेवर, न ढवळता, तांब्याच्या रंगावर येऊ द्या. बंद करून १०० मिली गरम पाणी कडेने थोडं थोडं सोडा. गार पाणी एकदम ओतलं तर उसळून हात भाजतो. गाठ झाली तर परत मंद आचेवर विरघळवा. चिमूटभर मीठ घाला. काचेच्या बाटलीत, फ्रिजमध्ये दोन आठवडे आरामात राहतं. व्हॅनिला इसेन्स केकचं सामान मिळतं त्या दुकानात घ्या. ग्लासला दोनच थेंब, नाहीतर औषधासारखा वास येतो.

गरम हवी असेल तर आपली फेटलेली कॉफी आहेच. कपात दीड चमचा इन्स्टंट, दोन चमचे साखर आणि जेमतेम अर्धा चमचा पाणी. चमच्याने पाच-सात मिनिटं फेटा. आधी काळपट चिकट, मग बदामी, शेवटी चमचा उचलला की रेघ राहील इतकं घट्ट. पाणी जास्त झालं की कितीही फेटा, फुलत नाही. साखरही फार कमी करू नका. तिच्या चिकटपणावरच बुडबुडे टिकतात. दूध तापवताना कडेला बारीक बुडबुडे आले आणि वाफ सुटली की उतरवा, रवीने घुसळा आणि वरून धार सोडा. उकळी फुटलेल्या दुधाचा फेस मोठ्या बुडबुड्यांचा होतो आणि लगेच बसतो. बरणीत गरम दूध भरून हलवायची युक्ती फिरतेय, ती धोक्याची आहे: वाफ कोंडून झाकण उडतं.

आणखी एक वस्तू घ्यावीशी वाटली तर मोका पॉट (शेगडीवर वाफेच्या दाबाने कॉफी काढणारं भांडं) नको. बहुतेक मोका पॉट अ‍ॅल्युमिनियमचे असतात, ते साध्या इंडक्शनवर तापतच नाहीत. त्याऐवजी स्टीलचा दाक्षिणात्य फिल्टर (एकावर एक बसणारे दोन डबे, वरच्याच्या तळाला भोकं) घ्या, त्याला शेगडीशी देणंघेणं नाही. २० ग्रॅम फिल्टर पावडर, हलक्या हाताने दाबून, उकळी उतरलेलं १०० मिली पाणी. २० मिनिटांत काढा, म्हणजे कॉफीचा दाट अर्क, खाली उतरतो. उतरतच नसेल तर पावडर जास्त दाबलीय किंवा फार बारीक आहे; दोन मिनिटांत उतरला तर दाबलीच नाही. एवढ्यात गार लाटेचे दोन ग्लास होतात. काढा फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशीपर्यंत संपवा.

पाणी मात्र बोअरचं वापरू नका. आपल्याकडच्या जड पाण्यातले क्षार कॉफीचा आंबटसर तजेला मारतात, आणि काढा मचूळ, सपक लागतो. पिण्याचा जार येत असेलच, तेच घ्या.

बाटलीत भरून क्लासला न्यायचं विचारलंत, तर दूध घातलेली कॉफी नेऊ नका. मार्चनंतर दुपारच्या उन्हात दोन तासांत तिचा भरवसा उरत नाही. साखर घातलेली काळी कॉफी बर्फासकट थर्मासमध्ये न्या आणि सुट्टीत दुधाची छोटी गार पिशवी घेऊन त्यात ओता. रात्री लाईट जाऊन फ्रिजमधले दुधाचे खडे वितळले असतील, तर ते परत गोठवू नका. गार असतील तर त्या दुधाला एक उकळी आणा आणि सकाळच्या चहाला वापरा.