बत्तीस घ्यावी, पण कोणती?

आपल्या ग्वाल्हेरात, विशेषतः लष्कर भागात, शस्त्राचा परवाना हाती येताच जो तो नवख्याला "बत्तीस घ्या", म्हणजे .३२ बोअरचे हातशस्त्र घ्या, असे म्हणतो. परंतु बत्तीस रिव्हॉल्व्हरही असते आणि पिस्तूलही: रिव्हॉल्व्हरच्या .३२ काडतुसाचे कवच सुमारे २३ मिलिमीटर लांब, तर पिस्तुलाचे जेमतेम १७, आणि ही काडतुसे एकमेकांच्या जागी वापरायची नसतात. मी हौसेने रिव्हॉल्व्हर आणि पिस्तूल दोन्ही घेतली. पैसा आणि सराव वाटला गेला, हात मात्र एकावरही बसला नाही. ९ मिलिमीटर पॅराबेलम या काडतुसाचे पिस्तूल सामान्य परवान्यावर मिळतच नाही, त्यामुळे तो मोह सोडावा. कानपूरचे 'निर्भीक' हे .३२ रिव्हॉल्व्हर हलके आहे खरे, पण हलक्या शस्त्राचा झटका हाताला अधिक जाणवतो. दुकानात शस्त्र रिकामे असल्याची खात्री करूनच त्याची मूठ धरावी आणि करंगळी मुठीवर न बसता हवेत लोंबकळते का, तेवढे पाहावे.